अवजार, हत्यार आणि धुरा

सुताराला विचारा, तुझी हत्यारे कुठे आहेत? तो पिशवी उघडून वाकस, पटाशी, करवत, रंधा पुढे मांडील. पोलिसाला तोच प्रश्न विचारा, तो ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीकडे बोट दाखवील. आपल्या भाषेत कामाच्या वस्तूला आणि मारामारीच्या वस्तूला एकच शब्द चालतो. खंडेनवमीला आपण कुऱ्हाड, विळा, कुदळ, वखराची पास धुऊन पुसून एका पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो आणि त्याला शस्त्रपूजा म्हणतो. पिढ्यान् पिढ्या यात कुणाला अडचण वाटली नाही. आता वाटू लागली आहे. तालुक्या-तालुक्याच्या बैठकांत कापसाच्या भावाची चर्चा संपली की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. जागलीला जाताना कुऱ्हाड न्यायची की नाही? रस्त्यात गाडी अडवली आणि “हे काय?” म्हणून विचारले तर काय सांगायचे?

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येते, म्हणून आधी तेच देतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येतच एक सूट आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नाहीत असे तेथे स्पष्ट लिहिले असून लाठी आणि साधी हातातली काठी यांची नावेच उदाहरण म्हणून घातली आहेत. या कायद्याखाली १९६२ साली झालेल्या नियमांनी तलवार, खंजीर, भाला आणि लढाईची कुऱ्हाड शस्त्रांच्या यादीत घातली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारेही त्यात आली, पण शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली. आता आपल्या कुऱ्हाडीचे पाते मोजून पाहा. दोन इंचांहून रुंद नसलेली कुऱ्हाड लोहार करतच नाही, केली तर कुणी घेणार नाही. म्हणजे आपली कुऱ्हाड आपल्या हातात राहते ती मापामुळे राहत नाही, तिच्या कामामुळे राहते. ज्याने ती वावरात नेली त्याला कायद्याने हात लावलेला नाही. लग्नाच्या वरातीत किंवा निवडणुकीच्या रात्री ती खांद्यावर टाकून चौकात उभे राहणाऱ्याने मात्र शेतीच्या सुटीचा आधार मागू नये.

यात एक मेख आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ जिल्हाधिकाऱ्याला असा अधिकार देते, की शांतता बिघडेल असे वाटले तर काठ्या, लाठ्या, सुरे आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास काही दिवस बंदी घालावी. सणवार आले, निवडणूक आली, कुठे मोर्चा निघाला, की पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत राहतात. ते कार्यालयाच्या फलकावर लागतात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येतात, आणि वावरात निघालेल्या कास्तकाराच्या कानावर येत नाहीत. एका कायद्याने जी लाठी शस्त्र नाही, ती दुसऱ्या कायद्याच्या आदेशाने पंधरा दिवस बंद. आमची मागणी साधी आहे: असा प्रत्येक आदेश ग्रामपंचायतीत वाचून दाखवावा, आणि शेताच्या कामाला निघालेल्या माणसाच्या अवजाराला सूट आहे ही ओळ त्यात छापावी. तोपर्यंत आदेश चालू असताना कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून बैलगाडीत ठेवा, खांद्यावर मिरवू नका. जाण्या-येण्याची वाट वावराची असावी, बाजाराची नसावी.

आमच्या शेतकी शिक्षणात ट्रॅक्टरवर, नांगराच्या प्रकारांवर भरपूर शिकवले गेले. कुऱ्हाडीवर एक तासही झाला नाही. आणि इथे कोरडवाहू घराचे निम्मे काम तिच्यावर चालत आले आहे. कुट्टीची मशीन येण्यापूर्वी ज्वारीचा कडबा ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीनेच तोडत. बाभळीच्या फांद्या शेळ्यांपुढे टाकायला तीच, काटेरी कुंपणाला तीच, चुलीच्या लाकडाला तीच. उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या करतानाही जाड बुंधे तोडायला तीच लागते. (ओघात सांगून ठेवतो. बोंडअळी टाळायची असेल तर फरदडीचा मोह सोडून पऱ्हाटी डिसेंबर संपता संपता वावराबाहेर काढा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते विसरण्यासारखे नाही.)

जुना लोहार लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडून द्यायचा. तापवून, ठोकून, पाणी द्यायचा. पाणी कमी झाले तर धार वळते, जास्त झाले तर पहिल्याच घावाला तुकडा उडतो. आता बहुतेक लोहार मालमोटारीच्या जुन्या कमानपट्टीतून पाते काढतात, आणि ते चांगले निघते. तालुक्याच्या दुकानातली तयार कुऱ्हाड स्वस्त पडते, पण तिचे पाणी तपासायला दुकानदाराकडे भट्टी नसते. बलुत्याच्या काळात लोहाराला सुगीला ज्वारी मिळे. ती पद्धत गेली ते बरेच झाले, कारण त्यात त्याच्या श्रमाचा भाव आपण ठरवत होतो. पण रोकड्याचा व्यवहार आला तेव्हा शेतात रोकडच उरलेली नव्हती. तेव्हा लोहारही शहरात गेला आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात खिडक्यांना गज लावू लागला.

दांड्याचेही तसेच. सर्वांत चिवट दांडा धावड्याचा, नाहीतर तिवसाचा. बाभळीचा स्वस्त आणि पुरेसा. ओला दांडा बसवू नका. वाळला की सैल होतो, आणि सैल पाते उडाले की समोरच्याच्या कपाळात बसते. दांडा सावलीत वाळवा, पाचर कोरड्या लाकडाची ठोका. आता तिवसाची गंमत ऐका. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, खैर, अंजन यांच्याबरोबर तिवसही आहे. आपल्या धुऱ्यावर, आपल्या बापाने राखलेला तिवस कुऱ्हाडीला दांडा हवा म्हणून पाडायचा, तर परवानगी घ्यावी लागते. एकाधिकाराच्या काळात आपला कापूस आपल्या मर्जीने विकणे गुन्हा होता, त्याच जातीचा हा नियम आहे. कुऱ्हाड तुमची, झाड तुमचे, मर्जी तेवढी सरकारची.

आता जनावरांकडे येऊ. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या पट्ट्यात, तसेच ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत जागलीला जाणारा माणूस कुऱ्हाड घेतो ती लाकडासाठी घेत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. अस्वल आहे, बिबट्या आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे कलम ११ सांगते, की स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने वन्यप्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा नाही. हे कलम पाठ करा, पण त्याची हद्दही पाठ करा. त्यात माणसाचा जीव आहे, पीक नाही. चारशे पऱ्हाटी लोळवून गेलेल्या रानडुकराला पाठलाग करून मारले, तर ते या कलमात बसत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित अनुसूचीप्रमाणे रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रोही-डुकरांना परवानगी घेऊन मारण्याची वाट राज्याने २०१५ साली दाखवली, पण अर्ज, पाहणी, परवानगी होईपर्यंत डुक्कर शेजारच्या वावरात जेवायला बसलेले असते. आणखी एक, जीव वाचवताना मेलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे वाटे घातले की वाचलेला माणूस शिकारी ठरतो.

कुऱ्हाडीने अस्वल थांबते असे ज्यांना वाटते त्यांनी जखमी झालेल्यांना विचारावे. अस्वल बहुधा अचानक गाठ पडली म्हणून अंगावर येते आणि डोके, चेहरा धरते. तेवढ्या जवळून कुऱ्हाड उचलायला जागा मिळत नाही. पुरुषभर उंचीची काठी, बॅटरी, दोघांची सोबत आणि चालताना मोठ्याने बोलणे यांचा उपयोग जास्त होतो. आणि कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. ती तार डुकराला आणि धन्याच्या पोराला वेगळे ओळखत नाही.

चोराचा प्रश्न अवघड आहे. वेचून ठेवलेला कापूस, मोटारीची केबल, स्प्रिंक्लरच्या नळ्या रात्रीतून जातात, आणि सकाळी ठाण्यात गेलो की पावती मागतात. राग येतो, तो आम्हालाही येतो. पण रागाच्या आधी कायदा समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खाजगी बचावाचा हक्क तिच्यात ३४ ते ४४ या कलमांत आहे. मालाचा बचाव करण्याचा हक्क आपल्याला आहे. चोराला धरता येते, अडवता येते, गरजेपुरती इजाही करता येते. जीव घेण्याइतका हक्क केव्हा मिळतो? दरोडेखोर जबरीने लुटत असेल, रात्री कुणी घर फोडत असेल, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या गोठ्याला आग लावत असेल, किंवा चोरी करताना आपला जीव जाईल अशी रास्त भीती असेल, तेव्हा. उघड्या वावरातून गठडी घेऊन पळणारा माणूस यांत बसत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत घाव बसला की बचाव संपला. धारदार हत्याराने गंभीर दुखापत हे ११८ वे कलम लागते, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एका गठडीसाठी आयुष्य देण्याइतका तो नक्कीच नाही.

हे सगळे प्रश्न बैठकीत विचारले जातात. एक मात्र कुणी विचारत नाही. आमच्या कार्यकर्त्यांच्या पाहण्यात कुऱ्हाड बिबट्यावर क्वचित उठते, चोरावर त्याहून क्वचित. ती उठते धुऱ्यावर, आणि उठते भावावर. वखर तासभर अलीकडे गेला, बांधावरची बाभूळ कुणी तोडली, पावसाळ्यात गाडीवाट अडवली, आणि दोन चुलतभाऊ समोरासमोर येतात. दोघांच्या हातात अवजार असते, कारण दोघेही कामावरून आलेले असतात. पुढचा अर्धा मिनिट कुणालाच नीट आठवत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आपण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. ती आधी धुऱ्यावर लावून पाहा, शब्दशः खरी निघेल.

त्यानंतरचा हिशेब आम्ही पाहिलेला आहे. एक मेलेला, दुसरा तुरुंगात. दोन घरांतल्या बायका एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, त्या आता बुलढाण्याच्या न्यायालयाच्या ओट्यावर वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात. वकिलाच्या फीसाठी दोन्हीकडची जमीन गहाण. ज्या हातभर पट्टीवरून भांडण झाले ती पडीक, कारण दोन्ही वावरे बटईने तिसऱ्यानेच घेतलेली. या जमिनीचा नफा-तोटा आम्ही अनेकदा काढून दाखवला आहे. धुऱ्याच्या हातभर पट्टीवर कापूस किती येतो तेही कुणीतरी काढा.

आणि यासाठी रस्ता नाही असे नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दावा करता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ बांधावरून वाट मागण्यासाठी आहे. हद्दीचाच वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. मोजणी उशिरा येते, मोजणीदार चहापाण्याची अपेक्षा ठेवतो, निकालावर अपील होते, हे सगळे आम्हाला मान्य. तरीही त्या चकरा सत्र न्यायालयाच्या चकरांपेक्षा कमीच भरतात.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची टोमॅहॉक नावाची छोटी कुऱ्हाड प्रसिद्ध आहे. युरोपी व्यापाऱ्यांकडून लोखंडी पाती आली तेव्हा तिचा एक नवा प्रकार निघाला. एका बाजूला पाते, दुसऱ्या बाजूला चिलमीची वाटी, आणि पोकळ दांड्यातून धूर ओढायचा. लढाईला तीच, तहालाही तीच. तह झाला की कुऱ्हाड जमिनीत पुरण्याची चाल त्यांच्याकडे होती. आपल्याकडे पंचांसमोर विडा देण्याची होती, ती आता राहिलेली दिसत नाही.

मोर्चाबद्दल दोन शब्द. काही तरुण म्हणतात, कुऱ्हाडी घेऊन गेलो तरच सरकार ऐकते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्यांचा भर माणसे मारण्यावर नव्हता, कागदावर होता. चार वर्षांत, १८७९ साली, सरकारला शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात बापूजी अणे यांनी गवत कापले आणि अटक करून घेतली. अवजार तिथेही होते, पण ते गवतावर चालले. मोर्चात एक कुऱ्हाड दिसली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो आणि कापसाचा भाव आतल्या पानावर जातो. पोलिसांनाही नेमके तेच हवे असते. दंग्यात घातक हत्यार बाळगल्याचे कलम एकदा लागले की हमीभावाच्या सभेची जामिनाची सभा होते. म्हणून जिल्ह्याच्या कार्यक्रमाला येताना कुऱ्हाड, विळा, फरशी गोठ्यात टांगून या.

येत्या जिल्हा बैठकीला ज्यांचा धुऱ्याचा किंवा वाटेचा वाद चालू आहे त्यांनी सातबारा, गाव नकाशातला आपला गट आणि असेल तर जुनी मोजणीची प्रत बरोबर आणावी. शक्यतो ज्याच्याशी वाद आहे त्यालाही घेऊन यावे. दुपारच्या जेवणानंतर वकील मित्र आणि मोजणीची माहिती असलेले कार्यकर्ते मागच्या खोलीत बसतील. फी नाही. ज्यांना समोरच्याशी बोलणे जमत नाही त्यांनी घरातल्या बाईला पाठवले तरी चालेल. आमच्या अनुभवात अशा बैठकीत काम निम्म्या वेळात होते.