पोट उपाशी, तरी साखर वाढते कशी?

रमजान आला की मधुमेह असलेल्या कितीतरी घरांतून एक वाक्य ऐकू येते : ‘दिवसभर पोटात काहीच नाही, मग साखर वाढेलच कशी? महिनाभर गोळी नको.’ नियत साफ आहे, हिशेब मात्र चुकला आहे.

रक्तातली साखर फक्त ताटातून येत नाही, यकृतातूनही येते. जेवणानंतर यकृत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. रोजात तोच साठा थोडा थोडा सोडते, कमी पडली तर नवी साखर बनवते. निरोगी रोजेदार इफ्तारपर्यंत कामाला उभा राहतो तो याच बळावर.

या कामाला आवर घालतो इन्सुलिन. मुदखेडकरांना जंक्शनचे सिग्नल नवे नाहीत; यकृताच्या पेशीतही तसेच चालते. इन्सुलिन पेशीच्या दारावर येते आणि आतली प्रथिने एकमेकांना निरोप देतात. त्यांतले ‘एकेटी’ हे प्रथिन ‘फॉक्सो-१’ला पेशीच्या केंद्रकाबाहेर काढते आणि साखर बनवणारी एन्झाइम्स कमी होतात. टाइप-२ मधुमेहात हा निरोप क्षीण होतो. साठा भरपूर असतानाही यकृत साखर बनवतच राहते. चरबी बनवण्याचे काम मात्र थांबत नाही, म्हणून अनेकांना फॅटी लिव्हरही जडते.

मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताच्या याच साखरनिर्मितीला लगाम घालते. ती मनानेच बंद केली, तर उपाशीपोटीही साखर चढू शकते. उलट इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड नेहमीच्याच मात्रेत घेऊन रोजा धरला, तर साखर धोकादायक उतरू शकते. म्हणून गोळ्यांची वेळ आणि मात्रा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्यायला हवी. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, घाम फुटला, हातपाय थरथरले, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा, असे जाणकार डॉक्टर सांगतात. बोटाला सुई टोचून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे.

कुरआनने सूरह बकराच्या १८४ व १८५व्या आयतीत आजाऱ्याला सवलत दिली आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत. कायमचा आजार असेल तर गरिबाला जेवू घालावे. ही सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. घरातल्या आजीने रोजा सोडला, तर तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्यांनीच हे आधी समजून घ्यावे.

रमजानच्या आधीच्या जुम्याला मशिदीतून एवढे सांगितले गेले, तरी कितीतरी घरे सावरतील. आणि हे शेजाऱ्यांच्याही कामाचे आहे. एकादशी असो की नवरात्र, उपवास करणाऱ्या मधुमेहींचे यकृत याच नियमाने चालते. इबादत मनापासून करावी. गोळीचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावा.