#थ्रेड : जुने संगणक, लिनक्स आणि नगरची मोडी कागदपत्रे

१/
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणत्याही संगणकाचा एकही भाग झिजला नव्हता. तरी असंख्य यंत्रे ‘कालबाह्य’ ठरली. २०१४ साली एक्सपीचे आणि २०२० साली विंडोज ७ चे हेच झाले होते. यंत्र केव्हा मोडीत काढायचे हे मालकाने ठरवायचे की दूरदेशीच्या कंपनीने, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातील इतिहासप्रेमी तरुणांच्या थेट कामाचा आहे.

२/
कारण मोडी. निजामशाहीची राजधानी राहिलेल्या या भागात मोडी कागद पुष्कळ आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात आहेत, तसेच जुन्या घराण्यांच्या रुमालांतही. वाचणारे थोडे. लिप्यंतराला लागणारी सामग्री मात्र अगदी माफक : पडद्याच्या अर्ध्या भागात कागदाचे छायाचित्र, उरलेल्या अर्ध्यात देवनागरी टंकलेखन. पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक एवढे सहज करतो.

३/
असे संगणक शाळांमध्ये आहेत. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांसाठी ‘आयसीटी’ योजना सुरू केली आणि राज्यात अनेक प्रयोगशाळा पाच वर्षांच्या कंत्राटाने उभ्या राहिल्या. कंत्राट संपले, निदेशक गेले, यंत्रे आवरणाखाली झाकली गेली.

४/
पर्याय नवा नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ चिपच्या घरगुती यंत्रावर रचलेल्या प्रणालीची वार्ता जगाला दिली. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली. आज्ञावली खुली, म्हणून कोणालाही ती हलकी करून आपल्या यंत्राजोगती करता येते. (गंमत अशी, की २०१२ च्या अखेरीस लिनक्सने त्याच ३८६ चा आधार काढून टाकला. भाबडेपणा इथेही नाही.)

५/
मराठी शाळेत हे चालेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी खैराट आठवावे. रायगड जिल्ह्यातील या छोट्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत २००७ साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाची यंत्रे आली. त्यांत स्मृती होती २५६ एमबी आणि प्रणाली लिनक्सची. आज नगरच्या शाळांत धूळ खात पडलेल्या बहुतेक यंत्रांत याहून कितीतरी अधिक स्मृती असेल.

६/
प्रत्यक्ष कृती एका दुपारची आहे. आधी जुन्या फाइलींची प्रत काढावी. हे विसरणाऱ्याला क्षमा नाही. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, रूफससारख्या साधनाने ती लिहावी लागते. मग यंत्र त्याच पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालू करून पाहावे : पडदा, कळफलक, वायफाय ठीक असेल तरच डिस्कला हात लावावा. दोन जीबी स्मृती असेल तर एक्सएफसीई मांडणीचे डेबियन किंवा मिंट; एक जीबी किंवा कमी असेल तर अँटीएक्स. हार्डडिस्क काढून लहानशी एसएसडी बसवली तर फरक डोळ्यांना दिसतो.

आणि मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल बदलावा. तो संपला की यंत्राची तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. लोक दोष लिनक्सला देतात. कालगणनाच चुकलेला दप्तरदार कोणाच्या उपयोगाचा?

७/
मराठीसाठी आयबस आणि इनस्क्रिप्ट कळफलक पुरेसा आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. ‘नोटो सॅन्स मोडी’ हा फॉन्ट विनामूल्य आहे. अक्षरओळखीच्या सरावपत्रिका त्याच यंत्रावर तयार होऊ शकतात.

८/
आक्षेपांत तथ्य आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर नव्या यंत्रणेत अगम्य दिसतो, तो रूपांतरित करावा लागतो. ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या तर हलकी प्रणालीही गुदमरते. जडपणा आता प्रणालीपेक्षा संकेतस्थळांत अधिक आहे. पण ‘मुलांना पुढे विंडोजच लागणार’ हा आक्षेप मात्र दुबळा आहे. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली, तेथील मुले मागे पडली नाहीत. केंद्र सरकारचे मुक्तस्रोत धोरणही मार्च २०१५ पासून कागदावर आहेच.

९/
घाई मात्र हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ची मांडणी ३२ बिटच्या यंत्रांवर करता येत नाही. ६४ बिटच्या यंत्रांपुढे अजून बरीच वर्षे आहेत. उरलेल्या ३२ बिटच्या यंत्रांना इंटरनेटपासून तोडून केवळ लिप्यंतराला बसवावे : छायाचित्रे पेनड्राइव्हने आत, मजकूर पेनड्राइव्हने बाहेर.