आकडा चुकला तर ॲप थांबलं पाहिजे



बिलिंगचं ॲप बनवून घेताना तुम्ही रंग बघता, लोगो बघता, जीएसटी बरोबर लागतो का तेही बघता. पण डेव्हलपरला एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. "भाऊ, रकमेच्या जागी भलतंच काही आलं तर तुझं ॲप काय करतं?"

उत्तर भाषेवर अवलंबून आहे. आपण सव्वा लाख 1,25,000 असे लिहितो, कॉमा देऊन. हाच मजकूर पायथनच्या फ्लोट फंक्शनला द्या, ते एरर देऊन जागच्या जागी थांबतं. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला द्या, उत्तर येतं 'नॅन', म्हणजे 'नॉट अ नंबर', आणि प्रोग्रॅम पुढे चालूच. त्याच भाषेत पार्सफ्लोट वापरलं तर? उत्तर 1. हो, एक रुपया! कॉमा दिसला की ते पुढचं वाचतच नाही.

नॅन ही कुणाची चूक नाही बरं का. 1985 च्या आयईईई 754 या मानकात तो मुद्दाम ठेवलाय. शून्य भागिले शून्य, याला धड उत्तरच नाही, म्हणून ही खूण. त्यात काहीही मिळवा, नॅनच राहतो. पण खरी गोम तुलनेत आहे. समजा उधारी 50,000 च्या वर गेली की बिल अडवायचं, असा नियम ॲपमध्ये आहे. उधारीच नॅन झाली. 'ही 50,000 पेक्षा जास्त आहे का?' उत्तर 'नाही'. बिल सुटलं, माल गेला! आणि 'कमी आहे का?' विचारलं, तरी उत्तर 'नाही'च. म्हणून नियम उलटा लिहून घ्या: उधारी मर्यादेच्या आत आहे असं ठरलं, तरच माल सोडायचा.

माझं मत विचाराल तर पैशाच्या कामात थांबणारं ॲप बरं. गिऱ्हाईक समोर उभं असताना ॲप अडलं की डोकं फिरतं, मान्य. पण ती चूक त्याच मिनिटाला सापडते. चालत राहिलेली चूक मार्चमध्ये सीएसमोर सापडते.

पायथनवालेही सगळीकडे इतके कडक नाहीत. त्यांची पांडाज लायब्ररी घ्या. सोमवारी विक्री 1000, मंगळवारी नोंदच नाही, बुधवारी 2000. सरासरी येते 1500, मंगळवार गुपचूप वगळून. तिथे शून्य भरलं तर 1000. दुकान बंद होतं की नोंद राहिली, हे फक्त तुम्हालाच माहीत.

एक्सेलमध्ये भागाकाराची एरर दिसली की इफएरर लावून तिथे शून्य आणायचं, हे मीच क्लासमध्ये शिकवायचो. शीट देखणी दिसते ना! आता बंद केलंय. शून्याऐवजी 'तपासा' असं लिहायला सांगतो.

डेव्हलपर ॲप दाखवायला आला की त्याच्यासमोरच रकमेत 1,25,000 टाका. मग ती जागा रिकामी ठेवा. मग अक्षरात 'बारा हजार' लिहा. काय होतं ते बघा, मगच शेवटचा हप्ता द्या.