फुकटचा हिसका

सलूनमध्ये केस कापून झाले, डोक्याची मालिश झाली, की कारागीर एका हातात हनुवटी आणि दुसऱ्या हातात डोकं धरून एक हिसका देतो. कट्ट! मग दुसऱ्या बाजूला. याचे वेगळे पैसे नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकही खूश. मला मात्र हा फुकटचा हिसका फार महाग वाटतो.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर चढतात आणि कवटीत शिरण्याआधी सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालतात. मान जोरात पिळली की तिथे ताण येतो. धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, गुठळी होते आणि तिचा तुकडा मेंदूत गेला की पक्षाघात. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. सगळ्या वयांचे रुग्ण धरले तर हे कारण शंभरात जेमतेम २ जणांत सापडतं. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र ते प्रमुख कारणांपैकी एक आहे.

हिसक्यामुळेच हे होतं, असं सिद्ध झालंय का? नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटलं, की मान फिरवण्याचे उपचार आणि ही इजा यांचा संबंध दिसतो, पण कार्यकारण सिद्ध नाही. कदाचित धमनी आधीच फाटलेली असते, म्हणून मान दुखते आणि म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो!

पण मग हे तर जास्तच भीतीदायक नाही का? दुखणारी मान आधीच फाटलेल्या धमनीची असू शकत असेल, तर तिला हिसका देणं हा शुद्ध वेडेपणा. धोका विरळा आहे, मान्य. पण फायदा काय, तर एक आवाज.

कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. मागतो आपणच.

आणि तरुण माणसाची मान अचानक, कधी नव्हे अशी एका बाजूने दुखली, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं किंवा एक पापणी उतरणं असेल, तर "पित्त झालं असेल, जागरण झालं असेल" म्हणत झोपवू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. वय तरुण आहे म्हणून घड्याळ थांबत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर एवढंच म्हणा, "दादा, मालिश करा, मान राहू द्या."