नंबर कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चर्चा होते ती तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. पण लहर हाती लागते ती संगणकावर. गोंगाटातून खरा संकेत वेचून काढण्याचे हे काम एकाच संस्थेच्या यंत्राला पेलत नाही. म्हणून पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेतील ‘सारथी’सह अनेक देशांतील संगणक ते वाटून घेतात. मग कळीचा प्रश्न उरतो : दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या जॉबचा, म्हणजे त्याला सोपवलेल्या कामाचा, नंबर कधी लागणार आणि तो ठरवणार कोण?

नांदेड जिल्ह्यातील मुदखेडकरांना हे दुखणे समजावून सांगायला नको. या जंक्शनवर आदिलाबाद आणि निजामाबादच्या वाटा फुटतात. नांदेड आणि हैदराबाद या दोन रेल्वे विभागांच्या हद्दीही इथेच मिळतात. दोन्हीकडच्या कंट्रोलचा मेळ बसला नाही, तर पुढचा रूळ मोकळा असूनही गाडी उभी राहते. मुदखेड–मेडचल दुहेरीकरणाला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ते हवेच होते. पण रूळ वाढले म्हणून कंट्रोलचे काम संपत नाही.

महासंगणकांबाबत देशाने रूळ टाकण्यावर भर दिला. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचे राष्ट्रीय महासंगणन अभियान आले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ यंत्रांचे लोकार्पण झाले. त्याआधी ‘सी-डॅक’ने १७ शहरांतील ४५ संस्थांना जोडणारा ‘गरुड’ ग्रिडही उभारून दाखवला होता. म्हणजे तंत्र आपल्याला नवखे नाही. कमी पडतो तो संस्थांमधला करार.

एका यंत्रापुरते रांग लावण्याचे काम शेड्युलर ही संगणकप्रणाली चोख करते. ज्याने आधी भरपूर वापर केला त्याला ती मागे ठेवते आणि मोठ्या जॉबसाठी जागा जमेपर्यंत मधल्या फटीत छोटे जॉब बसवते. अट एकच : किती वेळ लागेल हे वापरकर्त्याने खरे सांगावे. सहा तासांच्या कामाला चार दिवस मागणाऱ्यांची गर्दी झाली, की फटी वाया जातात आणि रांग लांबते.

संस्था अनेक झाल्या, की मालकीचा प्रश्न येतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकात जन्मलेल्या ‘कॉन्डोर’ या प्रणालीने त्यावर सुटसुटीत तोड काढली : यंत्र रिकामे असेल तर पाहुण्याचे काम चालावे, मालक परतला की पाहुण्याने जागा सोडावी. जिनिव्हाच्या ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेने त्यापुढची पायरी गाठली. तिचे संगणन वाटून घेणारी चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे किती क्षमता देणार हे लेखी कबूल करतात आणि प्रत्यक्ष वापराचा हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था या व्यवस्थेत सहभागी आहे. जे जिनिव्हाशी जमते, ते नांदेडशी का जमू नये?

‘यंत्र आम्ही सांभाळतो, वीजबिल आम्ही भरतो’, हा मोठ्या संस्थांचा युक्तिवाद खोटा नाही. त्याची भरपाई जरूर करावी. पण ही यंत्रे जनतेच्या पैशातून आली आहेत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ किंवा विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था यांच्या संशोधकांचा नंबर कोणाच्या ओळखीवर लागता कामा नये. नाहीतर वेधशाळा शेजारी आणि अभ्यास पुण्या-मुंबईत, ही मराठवाड्याची जुनीच गत होईल.

म्हणून सरकारी पैशातील प्रत्येक महासंगणकावर बाहेरच्या छोट्या संस्थांचा वाटा ठरवावा. कोणाला किती वेळ मिळाला आणि कोण किती थांबला, हे दर महिन्याला जाहीर करावे. पूर किंवा चक्रीवादळाच्या अंदाजासाठी रांग मोडायची असेल, तर तो अधिकार कोणाचा हे संकट येण्याआधीच लिहून ठेवावे. आणि हा करार झाल्याशिवाय पुढच्या यंत्राची निविदा काढू नये.