आंबागडाच्या पायथ्याशी

वीकेंड आला की आयटीवाल्यांच्या कंपूत एकच प्रश्न: कुठला गड? राजगड, हरिश्चंद्रगड, झालंच तर नाणेघाट. भंडाऱ्याचं नाव काढलं की, "तिकडे डोंगर आहेत?"

आहेत हो! सातपुड्याचे फाटे तुमसर तालुक्यात उतरतात, पूर्वेला गायखुरीची रांग आहे. गडसुद्धा आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास आंबागड बांधला. पण माझं मत विचाराल, तर या मुलखाचा खरा इतिहास गडावर नाही, पायथ्याच्या तलावांत आहे.

डोंगरात गोंडांची वस्ती होतीच. गोंड राजांच्या काळात पायथ्याशी कोहळी वसले. दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची, पाणी साठवायचं, खाली धान पिकवायचं. आधी तलाव, मग गाव!

इंग्रजांच्या राज्यात तलावांची देखभाल मालगुजारांकडे आली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. संपायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. बहुतेक तलाव सरकारजमा झाले, गावाला निस्ताराचे हक्क राहिले. पण गाळ कोणी काढायचा?

आमच्या धंद्यात याला लीगसी सिस्टम म्हणतात. लिहिणारा केव्हाच गेलेला, कोड चालतोय, म्हणून कोणी हात लावत नाही. इथे गाळ साचतो, बेशरम माजते, साठा घटतो. मग ऐन वेळी धानाला पाणी मिळत नाही आणि ढिवरांची मासेमारीही बुडते.

"मोठं धरण आहे ना?" आहे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, त्यासाठी कितीतरी गावं उठली. पण कालव्याचं पाणी उताराने जातं. उपसा केल्याशिवाय ते डोंगराकाठच्या गावाला चढत नाही. तिथे जुना तलावच कामाचा, कारण तो पाणी वरच्या वर अडवतो.

म्हणून मला वाटतं, दुरुस्तीचा पैसा आणि निर्णय दोन्ही ग्रामसभेकडे हवेत, आणि त्यात शेतकऱ्याइतकाच ढिवरांचा शब्द हवा. नुसता गाळ काढून भागणार नाही. दरवर्षी पाळ कोण बघणार, हेही ठरायला हवं.

आणि हो, आंबागडला जरूर जा. फक्त वरून फोटो काढताना खालच्या पाण्याकडेही बघा. गाव त्याच्यामुळे आहे.