दोन नद्या आणि मीठ

बगदाद, बसरा, कूफा, करबला ही नावे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. मोहरमात करबला, ग्यारहवीला बगदाद. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्याचे, हसन बसरी (रह.) बसऱ्याचे. पण शाळेच्या पुस्तकातला 'मेसोपोटेमिया' म्हणजे बहुतांशी हाच इराक, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

दजला आणि फुरात या दोन नद्यांमधला हा प्रदेश. इथल्या उरुक शहरात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी ओल्या मातीच्या पाट्यांवर खुणा करून धान्याचे, गुरांचे हिशेब ठेवले जाऊ लागले. लेखनाची सुरुवात ती. तासाची ६० मिनिटेही इथल्याच साठाच्या मोजणीतून आलेली.

हे सारे उभे राहिले कालव्यांवर, कारण दक्षिण इराकात पाऊस जेमतेम. आणि मेख तिथेच आहे. नदीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. शेताला पाणी भरपूर पाजले आणि निचऱ्याला वाट ठेवली नाही, तर जमिनीखालचे पाणी वर चढते व मीठही वर आणते. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. कृष्णाकाठची क्षारपड राने त्यांनी पाहिली आहेत. काही अभ्यासकांच्या मते दक्षिणेत गहू मागे पडून जव वाढला, तो यामुळेच. जवाला खारी जमीन त्यातल्या त्यात सोसते.

पुढे अब्बासी खिलाफतीतही मीठ होतेच. इतिहासाचे हे पान आपण घाईने उलटतो, ते उलटू नये असे आम्हांला वाटते. बसऱ्याच्या आसपासच्या जमीनदारांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना, म्हणजे झंजांना, रानावरचा मिठाचा थर खरवडायला जुंपले होते. इ.स. ८६९ मध्ये ते उठले. ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटले आणि ८८३ पर्यंत, तब्बल चौदा वर्षे, खिलाफतीच्या फौजांशी झुंजले. बगदादच्या ग्रंथालयांचे कौतुक जरूर करावे, पण त्याच काळात मीठ खरवडणारे हे हातही मुलांना सांगावेत.

आता आजचे. दक्षिणेत बोरूच्या बेटांची मोठी पाणथळ आहे. बोरूचीच घरे, म्हशी, मासेमारी, असे तिथले जगणे. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेन यांच्या सरकारने बांध व कालवे काढून पाणी वळवले, आणि दहा वर्षांत बहुतेक पाणथळ कोरडी झाली. २००३ मध्ये सरकार पडताच लोकांनी स्वतः बांध फोडले. पाणी परतले, पण सगळीकडे नाही. २०१६ मध्ये युनेस्कोने ही पाणथळ उर, उरुक, एरिदू या प्राचीन शहरांसह जागतिक वारशात घेतली.

वारसा ठरला तरी पाणी यायला हवे ना! वरच्या अंगाला तुर्कस्तानात व सीरियात धरणे आहेत, देशातल्या कालव्यांत नासाडी आहे, पाऊसही घटला आहे. नदीचा जोर कमी झाला की शत्त-अल-अरबमधून समुद्राचे खारे पाणी वर सरकते. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात खाऱ्या, घाण पाण्याने एक लाखाहून अधिक लोक दवाखान्यांत गेले. पाणथळीतल्या म्हशी खारे पाणी पिऊन आजारी पडतात, दूध आटते. मग म्हसवाले बिऱ्हाड हलवून गोड्या पाण्याच्या शोधात निघतात, आणि ते सापडले नाही की म्हशी विकून शहर गाठतात.